एकाच वेळेला दोघं

चिंगी : डबा नंतर. आधी मला सांग वहिनी, तुझ्या त्या कॉम्प्युटरचं पेंटरकाकांनी काय घोडं मारलंय?

वहिनी : कोण पेंटरकाका? आणि हळू बोल, तुझा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो.

चिंगी : जाऊ दे. दुकानांच्या पाट्या रंगवायचे ते. पक्षाघात झाला, उजवा हात गेला, बोलणंही अडखळायला लागलं. दोन महिने इथं केंद्रात मी व्यायाम देत होते त्यांना. बोटं हलायला लागली होती गं! पेन्सिल धरली होती त्यांनी. आणि आता कित्येक दिवस झाले, माणसाचा पत्ता नाही.

वहिनी : वाईट झालं. पण त्यात कॉम्प्युटर कुठून आला?

चिंगी : सुरुवातीला दोनतीनदा बस चुकली काकांची, तर त्यानं लगेच त्यांच्या नावापुढे लाल ठिपका लावला ना! लाल ठिपका म्हणजे हा माणूस काही यायचा नाही. यायचा नाही म्हणून त्याच्याच वेळेला आणखी एकाला बोलवा. आणि दोघंही आले की? मला काय चार हात आहेत?

वहिनी : दोघंही येणं क्वचित होतं, चिंगे. मी जुन्या सगळ्या नोंदी तपासूनच...

चिंगी : इथं चिंगी म्हणू नकोस म्हटलं ना! पेशंट ऐकतात. परवा एका आजोबांनी मला भर खोलीत 'चिंगीबाई' अशी हाक मारली.

वहिनी : बरं, मॅडम. आता माझं ऐका. मी यायच्या आधी इथं काय होतं? पेशंट वेळ घेऊन यायचे नाहीत, खोल्या रिकाम्या, तुम्ही सगळ्या हातावर हात ठेवून बसलेल्या. आणि नवे पेशंट महिनोनमहिने घरी ताटकळत. हे मला तूच सांगितलंस ना? वर म्हणालीस, 'वहिनी, तू आकड्यांचं काम करतेस, आमच्याकडे ये आणि हा घोळ निस्तर.'

चिंगी : म्हणाले. डॉक्टरांकडे तुझं नावही मीच टाकलं. म्हणून तर जीव जळतोय. परक्या कुणी केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

वहिनी : मग शांतपणे ऐक. तो ठिपका कुणावर डूख धरत नाही. जे आधी वारंवार चुकले ते पुढेही चुकतील, एवढंच तो सांगतो. आणि बरोबर सांगतो. लाल ठिपक्यातली बहुतेक माणसं खरंच येत नाहीत. दर महिन्याला त्याचा अंदाज आणखी अचूक होतोय.

चिंगी : अचूक होतोय? का माणसं पळून जाताहेत?

वहिनी : म्हणजे?

चिंगी : म्हणजे असं, की पेंटरकाका चार वेळा आले होते. आत त्यांच्याच वेळेचा दुसरा पेशंट. मी बाहेर जाऊन म्हटलं, 'काका, जरा थांबा हं.' थांबले बिचारे बाकावर. मग परतीची बस चुकेल म्हणून उठून गेले. चारही वेळा हेच. पाचव्यांदा आलेच नाहीत. मीही आले नसते.

वहिनी : एक मिनिट. चार वेळा आले होते?

चिंगी : मग काय, मी कहाण्या रचतेय?

वहिनी : तसं नाही गं. थांब, लॅपटॉप उघडू दे. हे बघ. चारही वेळा 'आले नाहीत' अशी नोंद आहे.

चिंगी : असणारच. मीच केली.

वहिनी : तू?

चिंगी : अगं, तुमच्या स्क्रीनवर बटणं दोनच. 'आले' आणि 'आले नाहीत'. 'आले' दाबलं की उपचार झाले असं धरतात. न दिलेला उपचार दिला म्हणून कसा नोंदवू? मग उरलं दुसरं बटण. आम्ही सगळ्याच ते दाबतो.

वहिनी : सगळ्याच?

चिंगी : हो. का गं? अशी का बघतेस?

वहिनी : माणूस आला, बसला, कंटाळून गेला. माझ्या लेखी तो आलाच नाही. म्हणून त्याचा ठिपका आणखी लाल. म्हणून पुन्हा त्याच्याच वेळेला दुसरा. म्हणून पुन्हा बाक. चिंगे, मी गेल्या महिन्याच्या बैठकीत डॉक्टरांना या अंदाजाचे आलेख दाखवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

चिंगी : रडू नकोस हं.

वहिनी : रडत नाहीये, डोकं फिरलंय माझं. आपणच माणसाला दाराबाहेर काढायचं, आणि तो आला नाही की म्हणायचं, बघा, आमचा अंदाज कसा खरा ठरला! आणि सोमवारी डॉक्टर हेच बाकीच्या सगळ्या केंद्रांत सुरू करताहेत.

चिंगी : अगं बाई. मग आता?

वहिनी : आता ठिपकेवाल्यांना एकेकाला फोन लावते. तू जेवून घे.

* * *

चिंगी : माझे दुपारचे पेशंट संपले. तू अजून फोनवरच? चहा घे. काय म्हणताहेत लोक?

वहिनी : लोक काही म्हणतच नाहीत, कारण ते लोक नाहीतच. अगं, इस्पितळात भरतीच्या धावपळीत सोबत जो असेल त्याचा नंबर लिहून घेतात, आणि आपल्याकडेही तोच येतो. मग आपले सगळे मेसेज त्याला. एका आजींचे मेसेज तर एका टॅक्सीवाल्याला जाताहेत. त्या दिवशी त्यानं त्यांना पोचवलं होतं, बस्स, एवढाच संबंध.

चिंगी : मग तो काही बोलला नाही?

वहिनी : म्हणाला, 'मला वाटलं, कुणीतरी माझ्याच भल्यासाठी व्यायामाला या म्हणून सांगतंय.' रोज सकाळी चालायला लागलाय तो.

चिंगी : घ्या! म्हणजे एकाचं तरी भलं झालं.

वहिनी : हसू नकोस, मलाही येतंय. थांब, आता पेंटरकाकांचा लावते. ... नमस्कार, उपचार केंद्रातून बोलतेय. काका आहेत का? ... अच्छा, तुम्ही शेजारी. त्या दिवशी तुम्हीच त्यांना इस्पितळात नेलंत? ... आता दुसऱ्या गावी असता. ... छे हो, तुमची काहीच चूक नाही. काकूंचा नंबर असेल का? ... हं. लिहिला. फार बरं झालं.

चिंगी : पण काकांना आधीच्या वेळा कळायच्याच की.

वहिनी : कारण उपचार झाल्यावर तू चिठ्ठीवर पुढच्या चार वेळा एकदम लिहून द्यायचीस. त्या चार संपल्या. बाकावरून उठून गेलेल्याला नवी चिठ्ठी कोण देणार? राहिला मेसेज. तो गेला परगावी.

चिंगी : लाव, लाव काकूंना.

वहिनी : लावलाय. ... काकू, नमस्कार. उपचार केंद्रातून बोलतेय. ... नाही नाही, काही वाईट बातमी नाही. काका बरेच दिवस आले नाहीत म्हणून. ... हो. ... काय म्हणालात? ... नाही काकू. असं मुळीच नाही. चूक आमची आहे. ... हो, सरळ सांगते, आमचीच.

चिंगी : काय झालं? वहिनी?

वहिनी : काकांना वाटलं, आपण आता सुधारणार नाही म्हणून केंद्रानं आपला नाद सोडला. तेव्हापासून घरीही व्यायाम करत नाहीत. बसून असतात नुसते.

चिंगी : आण इकडे तो फोन. ... काकू, मी बोलतेय, व्यायाम देणारी. काकांना द्या. ... फोनवर बोलत नाहीत? नको बोलू देत. नुसता कानाला लावा त्यांच्या. ... काका, नीट ऐका. तुमचं बोट हललं होतं ते मी विसरलेले नाही. मंगळवारी सकाळी तुम्ही आणि मी, तिसरं कुणी नाही. नाही आलात ना, तर मी घरी येऊन हात पिरगाळीन. ... काकू? ... हसले? खरंच?

* * *

डॉक्टर : तुम्ही दोघी मला सांगताय, की केंद्रात जे एक काम धड चाललंय तेच बंद करा.

वहिनी : धड चाललेलं दिसतंय, डॉक्टर. चाललेलं नाही.

डॉक्टर : प्रतीक्षेतल्या पेशंटची संख्या निम्म्यावर आलीय. हे तुम्हीच मला दाखवलंत. तीही आजारीच माणसं आहेत. त्यांना कोण सांगणार, की पुन्हा रांगेत उभे राहा?

वहिनी : रांग कमी झाली कारण आतली माणसं बाहेर पडली. जी गेली त्यांची नावं कुठल्याच रांगेत नाहीत. ती घरी बसलीत. आणि जी गेली ती बहुतेक लांब राहणारी, एकटी, बोलायला अडखळणारी. भांडून आपली वेळ मागता येत नाही अशी.

डॉक्टर : हे गेल्या महिन्यात का नाही सांगितलंत?

वहिनी : तेव्हा मला माहीत नव्हतं. नोंदी तेवढ्या पाहिल्या मी. ती नोंद कशी होते, ते बघायला खाली गेलेच नाही.

चिंगी : आणि चुकीचं बटण आम्ही दाबत होतो. तेही लिहून ठेवा.

डॉक्टर : सोमवारी सगळ्या केंद्रांचे प्रमुख येताहेत. त्यांना काय सांगू मी?

वहिनी : माझं नाव घेऊन सांगा, की हिचं चुकलं.

चिंगी : एकटीचं नाही हं.

डॉक्टर : कुणाचं जास्त चुकलं हे दोघी घरी जाऊन ठरवा, एकाच घरात राहता ना? मला पुढचं सांगा. बंद करायचं, मग खोल्या पुन्हा रिकाम्या?

वहिनी : अंदाज ठेवायचा. उपयोग बदलायचा. ज्याच्या नावापुढे ठिपका आहे, त्याची वेळ दुसऱ्याला द्यायची नाही. उलट त्याला आधी माणसानं फोन करायचा. येताय ना? वाहन आहे का? वेळ सोयीची आहे का? तो स्वतः नाही म्हणाला, तरच ती वेळ जवळपास राहणाऱ्या नव्या पेशंटला. आणि तिसरं बटण हवं. 'आले, पण उपचार झाले नाहीत.'

डॉक्टर : फोन करायला माणूस कुठून आणू?

वहिनी : पहिला महिना मी करते.

डॉक्टर : तुम्हाला आम्ही फोन करायला नेमलेलं नाही.

वहिनी : खरंय. पण एका दुपारच्या फोनवर मला जे कळलं ते वर्षभराच्या नोंदींत नव्हतं, डॉक्टर.

डॉक्टर : आणि रांग वाढली तर?

वहिनी : सुरुवातीला वाढेल. लपवणार नाही. दर आठवड्याला आकडे तुमच्यासमोर ठेवीन, वाईट असले तरी.

डॉक्टर : हं. सोमवारी तुम्हीच बोला. सगळं सांगा, टाळ्यांसकट. मी पहिल्या खुर्चीवर बसेन आणि अडचणीचे प्रश्न मीच विचारेन. दुसऱ्या कुणी विचारण्यापेक्षा ते बरं. आणि ते तिसरं बटण सोमवारची वाट न बघता आजच बसवा.

* * *

[दीड महिन्यानंतर. केंद्रातली फोनची खोली. सकाळ.]

चिंगी : आई काल काय म्हणाली माहितीये? 'आमच्या सुनेला दिवसभर फोनवर गप्पा मारायची नोकरी लागलीय. दादाशी मात्र दोन शब्द बोलायला तिला वेळ नाही.'

वहिनी : खरंच आहे ते. तुझा दादा आता मला मेसेज करून विचारतो, 'आपली वेळ कधीची?'

चिंगी : कळवू नकोस, लाल ठिपका लाव त्याला. बरं, डॉक्टरांनी काय सांगितलं?

वहिनी : सांगते की. रांग आधी वाढली होती ना? आता उतरायला लागलीय. पहिल्याइतकी खाली नाही आली अजून, पण या वेळी कुणाला बाहेर काढून नाही उतरली. रिकाम्या वेळाही कमी झाल्या. डॉक्टरांनी आलेख दोनदा उलटसुलट बघितला. मग म्हणाले, 'हे तपासलंत ना?' म्हटलं, तीन जणींकडून. म्हणाले, 'मग फोनसाठी दोन माणसं घ्या.'

चिंगी : अगं मग नाच की!

वहिनी : नाचेन. पण सगळे नाही परत आले, चिंगे. काहींनी फोनच उचलला नाही. एक ताई म्हणाल्या, 'आता सवय झाली अशीच राहायची.' त्यांना काय सांगायचं, सुचलं नाही मला.

चिंगी : त्यांना पुन्हा फोन कर. पुढच्या आठवड्यात मी बोलते हवं तर. मला बरं सुचतं उलटसुलट.

वहिनी : ते ठाऊक आहे सगळ्या घराला. आणि ऐक, त्या सोमवारच्या बैठकीत 'आमच्याकडे असलं काही होत नाही' म्हणणारे प्रमुख होते ना? काल त्यांचा हळूच फोन. 'तुमचं ते तिसरं बटण नेमकं कसं बसवलंत?'

चिंगी : आता कसं! थांब, फोन वाजतोय. उचल, मी खाली जाते, पेंटरकाका यायची वेळ झाली.

वहिनी : नमस्कार, उपचार केंद्र. ... हॅलो? ... कोण बोलतंय? ... हॅलो?

चिंगी : ठेव, चुकून लागला असेल.

वहिनी : नाही, कुणीतरी आहे. शब्द जुळवतंय. ... हो, ऐकतेय मी. बोला. ... काका? तुम्ही स्वतः?

चिंगी : कोण? पेंटरकाका? फोनवर?

वहिनी : श्श. ... हो, काका. ... ब... बस. बस चुकली. बरं. ... नाही, घाई करू नका, येऊ दे शब्द. मी आहे इथंच. ... उशीर होईल. कळलं, काका, नीट कळलं. ... नाही हो. दुसऱ्या कुणाला नाही दिलेली. तुमचीच आहे. या सावकाश.