ए ग्रुप की बी ग्रुप?

तुम्हाला सांगतो, सिल्वासात दहावी झाली की घरोघरी एकच वाद: गणिताचा ए ग्रुप की बायोलॉजीचा बी? माझ्या भावाचा तर हुकूमच होता, या दोनांतलंच घ्यायचं. म्हणून पुतणी पूजा आमच्याकडे विचारायला आली. मी जवळच्या सायली गावातल्या एका कंपनीत इंजिनियर, बायको डॉक्टर.

मी म्हटलं, "अवघड इंजिनियरिंगच. डॉक्टरकीत नुसतं पाठांतर."

बायको भडकली, "काहीतरीच! खरं अवघड आमचंच. तुमचं सोपं."

पूजा म्हणाली, "काका, डॉक्टरकी एवढी सोपी, मग तुम्ही का नाही झालात डॉक्टर?"

"मला रक्त बघून चक्कर येते गं."

"आणि काकू, तू इंजिनियर?"

"मला गणिताच्या पेपरला धडकी भरायची."

पूजा उठली. "मला चक्करही येते आणि धडकीही भरते. कॉमर्सचं बाबांना आता तुम्हीच सांगा."