मास्तरांचा विषय

आमच्या शेजारचे मास्तर रिटायर झाले अन् पोंभुर्ण्याले धानाची शेती करतात. यंदा रानडुकरांनी त्यांचा अर्धा धान लोळवला. मी त्यांच्या मोबाइलमध्ये वनखात्याचं तक्रारीचं ॲप टाकून दिलं. ‘तक्रार करा’ दाबलं, तसा कोरा ईमेल उघडला. पत्ता आपोआप भरून आला होता.

“इथी विषय विचारून राह्यले,” मास्तर म्हणाले.

“मंग लिहा ना, भाऊ.”

त्यांनी विषय लिहिला, खाली डुकरांचं सगळं गाऱ्हाणं लिहिलं अन् पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी वनखात्याच्या साहेबाचा फोन आला, तो मास्तरांनी माझ्यासमोर स्पीकरवर घेतला.

“सर, गणिताच्या तासाले डुकरं शिरली काय?”

मी मास्तरांना हळूच विचारलं, “विषयात काय लिहिलं तुम्ही?”

“गणित. तीस वर्सं तेच शिकवलं ना मी.”

साहेब फोनवर बराच वेळ हसला. पंचनाम्याले मात्र लगेच आला, अन् कागदावरचा विषय त्यानं स्वतःच लिहिला.