बोर्डावर माह्यंच नाव

आमी मूळचे वरूडचे. बाप लहानपनीच गेला, माय संत्र्याच्या पॅकिंगवर. सडलेलं फळ डोये मिटूनबी हाताले समजलं पायजे, हे तिनं मले शिकवलं. बारावी केली अन् नांदगाव पेठच्या कपड्याच्या कंपनीत लागली, चेकिंगले. म्हंजे काय, तयार शर्ट टेबलावर येते, जिथं खोट दिसली तिथं लाल बाणाचं स्टिकर लावाचं. सात वर्सं तेच केलं. बाजूच्या टेबलावर शोभा. तिची आंबाडीची भाजी अन् माह्यी भाकर, सात वर्सं संगच जेवलो आमी. काय सांगू तुमाले ताई, मले बहीन नाही, तेच बहीन.

आता जी.एम. साहेबाचं ऐका. सॅम्पल घेऊन ये म्हने केबिनमधी. एकदा खांद्यावर हात, मी म्हन्लं चुकून लागला असन. दुसऱ्यांदा कमरेवर. तिसऱ्यांदा त्यानं दार लावलं अन् मले ओढलं, मी त्याले ढकलून बाहीर आली त शोभा दारातच, हातात शर्टाचा गठ्ठा. तिनं दाराच्या काचेतून सारं पाह्यलं होतं. ओढनीनं माह्ये डोये पुसले तिनं, म्हने चाल, लिहून दे, भेतं कायले, मी सांगते ना काय पाह्यलं ते.

एचआरच्या मॅडमकडे गेली. मॅडम म्हने, अशा तक्रारीले समिती हाय, कॅन्टिनच्या नळापाशी बोर्ड हाय, वाचला नाही का कधी? जाऊन पाह्यते त काय, तिसऱ्या ओळीत माह्यंच नाव. सदस्य. हासावं का रडावं? मंग आठोलं, महिला दिनाले सगळ्याईले स्टीलचा डबा वाटला होता अन् आमच्या सह्या घेतल्या होत्या. मी डब्याची सही समजून केली, ते समितीची निंघाली. अन् बैठक त एकबी झाली नव्हती, नुसता बोर्ड, साहेब लोक पाहाले आले का दाखवाले.

मॅडम म्हने, तुमीच तक्रार करनार अन् तुमीच निवाडा, हे कसं चालन? तुमच्या जागी तुमच्या भरोशाचं नाव सांगा. काय गोड बोलली बाई! अन् मी येडी, छाती फुगवून सांगतलं, शोभाचं टाका. शोभानंबी हासत सही केली, म्हने आता पाह्य कशी जिरवते मी त्याची. त्या दिवशी कॅन्टिनमधी भजे खाल्ले आमी, जिंकल्यावानी.

बैठकीच्या दिवशी साहेब सोफ्यावर, मी प्लास्टिकच्या खुर्चीवर. त्याले चहा, मले प्रश्न. केबिनमधी गेली काहून? बोंबलली काहून नाही? साक्षीदार कोन? मी म्हन्लं, ह्या काय बसल्या, शोभा. तं मॅडम मान न उचलता म्हने, त्या सदस्य हायेत, सदस्याले साक्ष नाही देता येत.

ताई, तवा समजलं मले. माह्या एकुलत्या एक साक्षीदाराचं तोंड माह्याच हातानं बंद केलं होतं मी. शोभा टेबलाकडे पाहत बसली. मी वाट पाह्यली, आता उठन, आता म्हनन मले नाही व्हाचं सदस्य. नाही उठली. पुरावा नाही, असा कागद निंघाला. खाली पाच सह्या, चौथी तिची.

मंग कंपनीनं काय केलं? साहेबाले बढती देल्ली, शाल-नारळ देऊन मोठ्या ऑफिसात पाठोलं. मले उचलून अकोल्याच्या डेपोत टाकलं, तुमच्या सुरक्षेसाठी म्हने. माय म्हने, हे कोनतं पॅकिंग व बाई, सडलेलं ठेवतात अन् बाजूचं फेकतात?

डेपोत खोके हायेत, एक चौकीदार हाय, एक क्लर्क हाय. मले टेबल हाय, काम नाही. क्लर्कले सांगून ठेवलं असन, तो माह्यासंग बोलतच नाही. संध्याकाळी रूमवर येऊन मायले फोन लावते त आवाजच निंघत नाही, दिवसभर बोललेलीच नसते न मी, खाकरून घसा मोकळा करा लागते. डबा तोच, महिला दिनाचा. दोन खान्याचा हाय. एकच भरते.

राजीनामा द्या, अनुभवाचं पत्र चांगलं देतो, असा कागद दोनदा आला. सही नाही केली. अपील टाकलं हाय, तारीख लागली नाही. शोभाचा एकदा फोन आला. म्हने, जेवली का व? हाव म्हन्लं. ठेवला तिनं.

मांगच्या आठवड्यात एका पोट्टीचा फोन आला, शिलाईच्या लाईनवरची. माह्या नंबर शोभानं देल्ला म्हने. साहेब नवा, केबिन तेच. रडून राहिली होती. मी म्हन्लं, रडनं मांगून, आधी बोर्ड वाच. कोनी पाह्यलं असन त त्याले समितीत बसू देऊ नको. त म्हन्ते, ताई, शोभामावशीनं पाह्यलं, अन् ते म्हन्ते, बोर्डावरून नाव काढून घेतलं मी, यावेळी बोलते.

ताई, शोभाचा राग आला, खोटं काहून बोलू. मंग म्हन्लं, लिही पोरी. एकटी पाडतीन तुले, तरी लिही. अन् दुपारी जेवाले कोनी संग बसलं नाही त मले फोन लावत जाय, मी इथं एकटीच जेवते.