भैरूच्या खिंडीतलं 'येऊ दे'

ऐका. मधी मधी इचारू नका, आज मला बोलायचंसुदीक जड झालंय.

केरबा म्हंजे माझा साडू, ट्रेलरचा ड्रायव्हर. दिवसभर मरमर करून त्यानं एक बंद पडलेला ट्रॅक्टर बांधावरनं ट्रेलरवर ढकलून घेतला. चाकांखाली लाकडाचे ठोकळे, चारी कोपऱ्यांना साखळ्या. क्लीनर तापानं घरी पडलेला. अंधार पडल्यावर केरबा एकटाच निघाला, भैरूच्या खिंडीतनं. कशाला? तर लवकर घरी जाऊन आडवं व्हायचं व्हतं. दुसरं काय!

खिंडीत मागनं फळीवर थाप पडली. क्लीनरची एक थाप म्हंजे थांब, ठावं हाय न्हवं? उतरला. एक साखळी सैल. आवळली. जरा पुढं गेला, परत थाप. परत उतरला. चाकाखालचा ठोकळा रस्त्यावर. बसवला, ठोकला. क्लीनर घरी, मग थाप मारतंय कोण, हे त्याच्या ध्यानातच आलं न्हाई. माणूस दमला की डोकं चालत न्हाई बघा.

वळणावर समोरनं दोन दिवे आले. रस्ता अरुंद. केरबानं रिव्हर्स टाकला. मागनं आवाज आला, "येऊ दे, येऊ दे." बरं वाटलं गड्याला, कुणीतरी हाय म्हणून. तो घेतोय मागं, मागं. आन् क्लचवरनं पाय घसरला. गाडी बंद. जागच्या जागी उभी. समोरचे दिवेबी गेले.

आवाज मातुर चालूच. येऊ दे, येऊ दे. लांब लांब जात, खाली, पार दरीत.

केरबा उतरून मागं गेला. चाक कड्यापासनं वीतभर. बॅटरीचा उजेड खाली टाकला, तसा आवाज थांबला. मग खालनं कुणीतरी म्हणालं, "माझाबी ट्रॅक्टर हितं पडलाय रं. कवाधरनं ढकलतोय, एकट्यानं चढंना. जरा हात लाव."

काय थकलेला आवाज तो! केरबाला भ्या वाटायच्या आधी कीव आली. हीच खरी भानगड. एक पाय त्यानं खाली टाकलाबी व्हता. माती सुटली, तसा ट्रेलरची कड धरून वर आला आन् कसाबसा बोलला, "उजाडू दे. चार माणसं घिऊन येतो."

खालनं नुसतं "बरं" आलं. केरबा जो सुटला तो थेट घरी.

माणसं कुणी न्हेली न्हाईत. कोण जाणार? म्हणून सांगतो, त्या वाटंनं जाऊ नका. आता तिथं 'येऊ दे' ऐकू येत न्हाई. गाडी जरा थांबली की खालनं कुणीतरी हळू इचारतं, "माणसं आणलीस व्हय रं?"