वरच्या फळीची फट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या मोहल्ल्याचे वडीलधारे शेख मुहन्ना. त्यांच्या शेजारी बसून, मी आता काय बोलतोय म्हणून आत्तापासूनच डोळे वटारणारे उस्ताद सबैत. जिच्यासाठी आपण सारे जमलो ती शम्सा, म्हणजे लेकीच्या नावानं आपण जिला हाक मारतो ती हिंदची आई. सूर बंदरातल्या कारागीर बंधुभगिनींनो, आणि मागं हलव्याच्या ताटाजवळ उभं राहून भाषणं संपायची वाट पाहणाऱ्या मंडळींनो, तुम्हा सर्वांवर शांती असो.

मी नखुदा उबैद. जन्म गलबतांचं सुकाणू धरण्यात गेला, हातात माईक धरायची वेळ पहिलीच. अध्यक्ष म्हणाले, थोडक्यात बोल. उस्ताद म्हणाले, गोड बोल. बघू या, काय जमतंय ते.

हिंदच्या आईनं परदेशी पाहुणे आणायला सुरुवात केली तेव्हा आपणच हसलो होतो ना? उगाच माना खाली घालू नका, हसलोच होतो. "किल्ले बघायचं सोडून हे लोक लोकर विणायला येणार? चांदीची तार ओढायला? चिखल मळायला?" पण आले. हिचा नियम एकच, हात काळे केल्याशिवाय जेवण नाही. मोठमोठ्या साहेबांना हिनं भातासाठी ताटकळत ठेवलंय. आणि सहलीचा शेवटचा मुक्काम असायचा आमच्या गलबतांच्या गोदीत, उस्तादांच्या हाताखाली.

आता आपली रीत तुम्हाला माहीतच आहे. पाहुण्याच्या कामाला नावं ठेवायची नाहीत. त्यानं वाकडं विणलं तरी माशाअल्ला, मडकं बसकं झालं तरी माशाअल्ला. पाहुणा वळला की मुकाट्यानं उसवायचं आणि नीट करायचं. गोदीतही तसंच. फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवायचा, हे गलबताच्या जिवाचं काम. पाहुण्यांना उस्ताद नेहमी वरच्या फळीची फट द्यायचे. ती पाण्याला लागत नाही, त्यामुळे राहिली कच्ची तरी धोका नाही. पाहुणे गेले की उस्ताद कापूस उपसून पुन्हा ठोकायचे. कोणाचं काही बिघडत नव्हतं.

त्या हिवाळ्यात पोर्तुगालहून इल्दाबाई आल्या होत्या. आयुष्यभर इस्पितळात परिचारिका, आता निवृत्त, केस पांढरेशुभ्र. उस्ताद माझ्या कानात पुटपुटले, "यांचे पूर्वज तोफा घेऊन आले होते, ही निदान कापूस तरी ठोकतेय!" बाईंनी दिवसभर मान वर न करता ठोकलं. उस्तादांनी फटीवरून बोट फिरवलं, मला डोळा मारला आणि बाईंना म्हणाले, "माशाअल्ला, तुमच्या हाताला बरकत आहे."

संध्याकाळी मोठी भरती होती, गलबत पाण्यात उतरायचं होतं. पाहुण्यांची बस त्याआधीच निघायची होती. तेवढ्यात इल्दाबाई म्हणाल्या, "आम्ही राबलो त्या गलबतात आम्हाला बसू द्याल का?"

पाहुण्यानं मागितलं आणि सूरच्या माणसानं नाही म्हटलं, असं कधी घडलंय का? उस्ताद छातीवर हात ठेवून म्हणाले, "तुमचा शब्द डोळ्यांवर!" वरची फळी तेवढी कच्ची आहे, फिकीर नाही, असा त्यांचा हिशेब. मी सुकाणू धरलं, हिंदची आई पुढं बसली आणि डझनभर पाहुणे चढले. इल्दाबाई मुद्दाम उजव्या बाजूला, आपल्या फटीला पाठ लावून बसल्या. केवढा अभिमान होता त्यांच्या तोंडावर!

खाडीच्या तोंडाशी पोचलो तोवर ओहोटी लागली होती. माझे पाय गार पडले. खाली पाहतो तर घोट्याएवढं पाणी! तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रिकामं गलबत उंच तरंगतं, पण भरलेलं खाली बसतं. वरची फळी आता वर राहिलीच नव्हती.

गलबत वळवावं तर ते नेमकं उजवीकडे कलणार, म्हणजे फट आणखी पाण्यात. सरळ जावं तर पुढं उघडा समुद्र. तरंगायची जाकिटं होती अंगात, पण ओहोटीच्या धारेत जाकिटासकट माणूस कुठं जातो, हे या सभागृहात कोणाला सांगायला नको. आणि एकानं जरी किंकाळी फोडली असती तर सगळे एकदम उठले असते. सगळे एकदम उठले की गलबत पालथं. खोटं कशाला सांगू, मी घाबरलो होतो. मी नुसतं हिंदच्या आईकडे पाहिलं आणि डोळ्यांनी खाली दाखवलं.

तिनं पाहिलं. उठली, पदर सावरावा तशी डोक्यावरची ओढणी सावरली आणि टाळी वाजवून म्हणाली, "पाहुण्यांनो, एक कार्यशाळा राहिली की! जुने खलाशी गाणं म्हणत पाणी कसं उपसायचे, ते शिकल्याशिवाय आज जेवण नाही!"

लोक हसले. तिनं एकेकाला नावानं हाक मारून हळूच डावीकडे बसवलं. कोणाच्या हातात बादली दिली, कोणाच्या कॉफीची किटली. मला म्हणते, "नखुदा, गा!"

"आत्ता?" मी दबक्या आवाजात म्हटलं. "अगं, इथं मरायची वेळ आलीय!"

"मग मरताना तरी सुरात गा. चल!"

गायलो. कसा गायलो ते अल्लाच जाणे. पाहुणे ताल धरून पाणी उपसत होते, एक जण तर फोटो काढत होता, मेला! फक्त इल्दाबाई जागच्या हलल्या नाहीत. हिंदच्या आईनं बोलावलं तर त्यांनी मान हलवून नकार दिला. त्यांनी गळ्यातला रुमाल मागं फटीत कोंबला होता आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरला होता. ओठ घट्ट मिटलेले. त्यांना सगळं कळलं होतं, आणि बाई चकार शब्द बोलल्या नाहीत.

गलबत डावीकडे झुकलं तशी फट थोडी वर आली. मी बोटाबोटानं सुकाणू फिरवलं. धक्क्याशी उस्ताद अंगरख्यासकट छातीभर पाण्यात उभे होते. त्यांनी गलबताला हात लावला तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

सगळे उतरले, टाळ्या वाजवल्या. शेवटी इल्दाबाई उतरल्या. अंगठे पांढरेफटक पडले होते. त्यांनी विचारलं, "ती माझीच फट होती ना?"

उस्ताद घाईघाईनं म्हणाले, "छे छे! लाकूड नवं आहे, समुद्राचा दोष!"

हिंदची आई म्हणाली, "हो. तुमचीच. कच्ची होती ते आम्हाला माहीत होतं, आणि आम्ही वाहवा केली."

पाहुणीला तोंडावर असं बोलायचं? उस्ताद ओरडले, "शम्सा, माझ्या गोदीत पाहुण्याचा अपमान? तुझी सहल बंद!"

पाहुण्यांची बस गेली, इल्दाबाई राहिल्या. सकाळी उस्ताद आले तर बाई किनाऱ्यावर ओढलेल्या गलबताशी हातोडी घेऊन बसलेल्या. म्हणाल्या, "कुठं चुकलं, दाखवा. आणि आज गोड बोलू नका."

उस्तादांनी दाखवलं. ठोकलेलं उपसून काढलं, पुन्हा ठोकायला लावलं, रागावलेसुद्धा. मग गलबतात काठोकाठ पाणी भरलं आणि आम्ही सगळे बाहेरून त्या फटीकडे टक लावून बसलो. थेंब नाही! उस्तादांनी तोंड फिरवून डोळे पुसले. उस्ताद, आता खाली बघू नका, पुसले होते तुम्ही. सहल अर्थातच बंद झाली नाही.

मंडळी, आता कडवट बोलतो. हिंदच्या आई, लेकीला जुळं झालंय, तुम्ही तिच्याकडे दूर सलालाला निघालात. इथं माझ्याआधीचा प्रत्येक वक्ता म्हणाला, निश्चिंत जा, तुमच्या हाताखाली शिकलेली रहमा तयार आहे, आम्ही सगळं सांभाळू. खोटं आहे ते. रहमा गुणी पोर आहे, पण तयार नाही. उस्ताद तयार नाहीत. मी तर मुळीच नाही. पुढच्या हिवाळ्यात पाहुणे आले की आमची त्रेधा उडणार आहे, आणि तुम्ही नसल्यानं मला गोदीत पाऊल टाकवणार नाही. तरीही तुम्ही जा. लेकीला आई हवी, तिच्यापुढं आमचा हक्क कसला? पण तुम्हाला माशाअल्ला म्हणून फसवून पाठवायला माझं मन धजत नाही.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, उस्तादांनी अजून काठी उचलली नाही, सगळ्यांचे मनापासून आभार. म्हाताऱ्या खलाशाची जीभ खारट असते. कोणाला लागलं असेल तर मोठ्या मनानं माफ करा.