बेचाळीस पावलांची चप्पल

मंडळी, आख्यानाला हात घालण्याआधी नफा सांगून टाकतो. कातळवाडीच्या उज्ज्वलेनं अख्ख्या गावाला दारोदार जाऊन जाब विचारला – तिला मिळणार काय होतं? जमीन? नाही. सरपंचपद? छे! बेचाळीस पावलं! चावडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सासूनं पायात चप्पल घालून चालावं, बस्स!

तुम्ही म्हणाल, बुवा, एवढ्यासाठी? म्हणूनच विचारतो – आपल्या पायांना चालवतं कोण? आपण, की दुसरंच कुणी? थांबा, लगेच माना डोलवू नका. आधी ऐका!

कातळवाडीची रीत अशी, की चावडीपुढून जाताना बाईनं चप्पल काढायची, हातात घ्यायची, पलीकडं गेल्यावर घालायची. बाईनंच हं! वर बसून तंबाखू मळणाऱ्यांच्या चपला पायातच. आणि चावडीपुढं जमीन कसली? काळा कातळ! वैशाखात भाकरी टाकली तर पापुद्रा सुटेल!

उज्ज्वलेची सासू तान्हाबाई. साखरेचा आजार. पायाला निखारा लागला तरी कळत नाही. गेल्या उन्हाळ्यात याच कातळावर फोड आला, चिघळला, उजव्या पायाची दोन बोटं कापावी लागली. यंदा डॉक्टरीणबाईंनी मऊ चप्पल दिली आणि बजावलं, "आजी, आता एक फोड आला, तर घोट्यापासून पाय जाईल." दर तिसऱ्या दिवशी मलमपट्टी. आणि दवाखाना कुठं? चावडीच्या पलीकडं! दुसरी वाट नाही.

पहिलाच दिवस. भर दुपार. चावडी आली – आणि म्हातारी वाकली. चप्पल हातात!

"आत्याबाई, अहो पाय जाईल!"

"पाय गेला तर घरात बसून राहीन गं. लाज गेली तर कुठं बसू?"

बरं, चावडीवरून कुणी डोळे वटारले होते का? अहो, त्या उन्हात चावडीवर एक शेळी होती! शेळीपुढं चप्पल काढली, मंडळी! शेळीनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही!

घरी येऊन उज्ज्वलेनं तळवा पाहिला. लालभडक. म्हातारीला पत्ताच नाही. उज्ज्वलेनं पदर खोचला.

"हरकत कुणाची, आत्याबाई?"

"लोकांची."

"कुठले लोक? घर दाखवा. जाऊन विचारते."

आणि निघाली की! आधी चावडीवरचे बाबूतात्या. तात्या म्हणाले, "आम्ही कधी काढा म्हटलं? बायकाच काढतात. माझं काही नाही, पण लोक..." मग सरपंचीणबाई. "माझं काही नाही गं, पण जुन्या बायका..." देवळातले गुरव – "पोथीत कुठं नाही. पण लोक..."

एकतीस घरं झाली! एकतीस घरांत हरकत नाही, आणि एकतीसही ठिकाणी 'लोक' राहतात शेजारच्या घरात! शेजारी जावं तर ते त्याच्या पुढच्या घरात! काय चपळ जमात बघा! तलाठ्याला सापडत नाही, शिरगणतीत येत नाही, आणि गावावर राज्य त्यांचंच!

शेवटचं घर चावडीलगतच्या पारूकाकूंचं. काकू हसल्या.

"लोक हुडकतेस? बस. नवी नवरी होऊन आले, तेव्हा बापानं दिलेली कोरी चप्पल होती पायात. चावडीपुढं मागून एकीनं दंडाला चिमटा काढला – 'काढ ती, शोभत नाही!' तेव्हापासून काढते. चिमटा कुणाचा होता, सांगू? तुझ्या सासूचा!"

घ्या! सापडले लोक! आणि कुठं? आपल्याच चुलीपुढं, भाकरी थापत!

उज्ज्वलेनं घरी येऊन सांगितलं, तान्हाबाईनं ऐकलं. मग म्हणाली, "मलाही माझ्या सासूनं काढला होता." आणि हळूच, "लई दुखलं होतं का गं पारूला?"

"चाळीस वर्षं ध्यानात ठेवलंय, आत्याबाई. तुम्हीच सांगा."

तिसऱ्या दिवशी चावडी गच्च भरलेली. तान्हाबाई टोकाशी आली, आणि सवयीनं कंबर आपोआप वाकली. हात चपलेपर्यंत गेला. म्हातारी तशीच ओणवी थांबली... आणि सरळ झाली! आरोळी ठोकली, "पारू! चप्पल घालून बाहेर ये! चिमटा मी काढला, सोडवतेय पण मीच!"

पारूकाकू चप्पल घालून आल्या, दोघी निघाल्या. बाबूतात्या खाकरले. "वहिनी, अहो, रीत..."

"रीत तुमची का?"

"माझी कशाला? लोकांची."

"मग बोलवा त्यांना! मी इथंच उभी आहे. चप्पल घालून उभी आहे!"

भर चावडीत उभी राहिली. कुणी आलं नाही. येणार कोण? सगळे तिथंच तर बसले होते!

आता तुमच्याकडं वळतो. या मंडपाबाहेर आपण सगळ्यांनीच चपला काढल्या, बाईनं, पुरुषानं, या बुवानंही. देवापुढं सारखे! माझी ना नाही. पण घरी जाताना आपापला दंड चाचपा, चिमट्याची जुनी खूण सापडेल. आणि मग आपली बोटं बघा – ती कुणाच्या दंडाला लागली? 'मी नाही बुवा, लोक!' म्हणाल, तर ऐका – तुमच्या शेजारणीला विचारलं, तर ते लोक म्हणजे तुम्ही!

उरली त्या चिमट्याची फेड. चावडीनं काय दिलं? काही नाही. एकतीस घरांनी? चकार शब्द नाही. शेळीनं? तिला तर रीतच ठाऊक नव्हती, सुटली बिचारी! चिमटा काढला हाताच्या दोन बोटांनी, फेड झाली तीही दोन बोटांचीच, आणि ती दोन्ही तान्हाबाईच्या उजव्या पायाची.