पर्समध्ये हात कुणी घातला?

आता मला सांगा, खुर्चीवर ठेवलेली पर्स, चेन अर्धी उघडी, मी तिच्यापासून लांब दाराशी वाकून एक चप्पल काढलेली, दुसरी अजून पायात, आणि ती पर्स आपली आपण आतून उजळते, हे बरोबर आहे का? दिवा आहे आत, मान्य. दादाने दिलाय, सेन्सरवाला, लिंबाएवढा. ‘किल्ली शोधताना दारातच रडकुंडीला येतेस, घे, पर्समध्ये टाक. हात आत गेला की लागेल, बाहेर आला की विझेल.’ चांगलंच आहे की. पण तुम्हाला सांगते, माझे दोन्ही हात चपलेच्या पट्ट्याला होते. मग आत हात कुणी घातला?

विझला. म्हटलं भास असेल. दिवेलागणीची वेळ, खोलीतलं बटण अजून दाबलेलं नाही, ऑफिसातून डोकं शिणून आलेलं... आणि खरं सांगू, त्या दिव्यावर माझा जीव होता हो. वर्ष होत आलं इथे नोकरीला लागून, ऑफिसात मी अजून ‘ती नवीन मुलगी’. माझ्यामागून दोघी लागल्या, त्यांना नावाने हाक मारतात, मी आपली नवीनच. दिवसभरात मला बघून उजळणारं म्हणाल तर ही एक पर्स. बसमध्ये कधी कधी उगाचच हात घालते. काढायचं काहीच नसतं.

तर पुन्हा उजळली. आणि या खेपेला आतून घुर्र... घुर्र... मी थेट पलंगावर. एका पायात चप्पल, ती चादरीवर. आई असती तर म्हणाली असती, आधी चप्पल काढ, उंदराचं मग बघू. उंदीर हे मी धरूनच चालले. पण उंदीर घुरघुरतो का? मग मांजराचं पिल्लू? म्हणजे दिवसभर मी ऑफिसात मांजर घेऊन बसले आणि कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही? ...नसेलही आलं. ते जाऊ दे, पण हात कुणी घातला, पंजा कुणी घातला, हे बघायला जाणार कोण?

‘आई गं’ एवढंच तोंडातून निघालं, बऱ्यापैकी मोठ्यांदा. घुरघुर थांबली होती, ती जरा वेळाने परत सुरू. म्हणजे ओरडलं की ते डिवचलं जातं, ही माझ्या ज्ञानात भर.

तुम्ही म्हणाल, कुणाला तरी फोन करायचास. फोन कुठे? पर्समध्ये. दादाला बोलवायचं तर आधी त्या आतल्याची परवानगी काढा. शेजारी काकू राहतात, एकट्याच, भिंतीला भिंत. पण मी राहायला आले त्या दिवशी त्यांनी प्रेमाने बेल वाजवली, मी दचकले, हातातली बशी फुटली, किंचाळले ते वेगळंच. दारातच छातीवर हात ठेवून म्हणाल्या, ‘बाई गं, माझ्याच काळजात धस्स झालं. यापुढे फोन केल्याशिवाय तुझ्या दाराशी यायची नाही.’ आणि शब्दाच्या पक्क्या हो. पण फोन वाजला तरी मी दचकणारच, म्हणून तो मी मुका करून टाकला, नुसता थरथरतो. मग त्यांचा कॉल राहून गेलेला दिसायचा, आणि मला वाटायचं, आता काय उलटा करायचा, जेवत असतील, पडल्या असतील... असं करता करता बोलणंच राहिलं.

आता अशा बाईला हाक मारायची कुठल्या तोंडाने? आणि काय म्हणून? ‘वाचवा’ म्हणायची लाज वाटते, पदवी घेतलेली मुलगी, पर्सपासून वाचवा? घसा खाकरून म्हटलं, ‘काकू, जरा येता का?’ इतकं हळू की मलाच ऐकू आलं नाही. मग जोरात, ‘काकू!’ पर्स उजळली, घुर्र. ‘काकू, या ना हो!’ पुन्हा उजळली. मी ओरडतेय, ते आतलं चेकाळतंय, हात कुणी घातला हे विचारायची सोय नाही, आणि भिंतीपलीकडून साधं ‘काय गं?’ नाही. तेव्हा तुम्हाला सांगते, उंदराची भीती गेली. दुसरीच बसली. म्हटलं, आपण इथे घसा फोडून मेलो तरी एक दार उघडायचं नाही. शेवटची ‘काकू’ तर नुसती हवाच निघाली. तिला तर पर्ससुद्धा उजळली नाही.

आणि दाराबाहेरून, तान्ह्या बाळाशी बोलावं तसा आवाज. ‘अगं, मी काकू. दचकू नकोस हं. पहिला फोन पाणी आलं का विचारायला केला, तर तू किंचाळलीस. म्हणून काय झालं विचारायला लावला, तर आणखी किंचाळलीस. तेव्हापासून तू ओरडतेस, मी लावतेय, मी लावतेय, तू ओरडतेस. उचलत का नाहीस गं? आता आलेय इथवर, बेलला बोट लावलेलं नाही. आत येऊ, की आधी फोन करू?’

मी पर्सकडे बघितलं. अंधारात गप्प, शहाण्यासारखी.

म्हटलं, ‘बेलच वाजवा, काकू. आजच्यापुरतं माझं दचकून झालंय.’